सेकंड ऑर्डरमध्ये लिहिलेली अट साध्या समीकरणात कशी काय उतरते? (व्हरायटी, बर्कहॉफ आणि इतर भानगडी)

अर्धवट_अभ्यासू

मंडळी, धागा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. नोकरी सांभाळून युनिव्हर्सल अल्जिब्रा वाचतोय, आजूबाजूला विचारायला कोणी नाही म्हणून इथे टाकतोय, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. एक संच घ्या, त्यावर काही ऑपरेशन्स ठरवा, झाली अल्जिब्रा. मग काही समीकरणं लिहायची जी सगळ्या घटकांसाठी खरी असली पाहिजेत, आणि ती पाळणाऱ्या यच्चयावत अल्जिब्रांचा जो गट होतो ती व्हरायटी. ग्रुप, रिंग, लॅटिस या सगळ्या व्हरायटी. फील्ड मात्र नाही, कारण "शून्य सोडून प्रत्येकाला इन्व्हर्स" यातलं "शून्य सोडून" समीकरणात बसत नाही. आणि हे नुसतं आपल्याला जमलं नाही असं नाही, ते कुणालाच जमणार नाही, कारण बर्कहॉफने १९३५ साली सिद्ध केलं की एखादा गट व्हरायटी असतो तो तेव्हाच जेव्हा तो तीन गोष्टींखाली बंद असतो, म्हणजे त्या करूनही आपण गटातच राहतो: होमोमॉर्फिक इमेज (ऑपरेशन्स जपणाऱ्या फंक्शनने मिळणारी अल्जिब्रा), सबअल्जिब्रा आणि प्रॉडक्ट. दोन फील्डचा प्रॉडक्ट घ्या, (१,०) गुणिले (०,१) बरोबर (०,०), दोन्ही शून्य नाहीत पण गुणाकार शून्य, संपलं फील्ड.

आता माझा प्रश्न. समीकरण म्हणजे लॉजिकमधला सगळ्यात गरीब प्रकार, त्यात "किंवा" नाही, "नाही" नाही, "असा एक आहे" नाही. सेकंड ऑर्डर म्हणजे दुसरं टोक, तिथे घटकच नाही तर संच आणि फंक्शन यांच्यावरही "सगळे" आणि "असा एक" लावता येतं. पण मेटाबेलियन ग्रुपची व्याख्या वाचली: ग्रुपमध्ये असा एक नॉर्मल सबग्रुप आहे, त्याला 'न' म्हणू, की 'न' स्वतः अबेलियन आणि 'न' ने भागून उरलेला ग्रुपही अबेलियन. (नॉर्मल म्हणजे कॉन्जुगेट केला, म्हणजे एका बाजूने एखादा घटक आणि दुसऱ्या बाजूने त्याचा इन्व्हर्स लावला, तरी स्वतःतच राहणारा; अबेलियन म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच.) "असा एक सबग्रुप आहे" म्हणजे संचावर क्वांटिफायर, म्हणजे सरळसरळ सेकंड ऑर्डर. आणि पुस्तक पुढच्याच ओळीत म्हणतं की हे म्हणजे [[क,ख],[ग,घ]] = १ हे एक समीकरण! ([क,ख] म्हणजे कॉम्युटेटर: क, ख, क चा इन्व्हर्स, ख चा इन्व्हर्स यांचा त्याच क्रमाने गुणाकार.) एवढी मोठी अट एवढ्याशा समीकरणात कशी मावली? योगायोग आहे की यामागे काही नियम आहे?

चहाटळ_चहा

पहिल्या परिच्छेदानंतर मी फक्त कंसातल्या भानगडी वाचल्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

शून्यशेष

योगायोग नाही, आणि प्रश्न छान विचारलात.

बर्कहॉफच्या प्रमेयात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ते गट कुठल्या भाषेत लिहिला आहे हे विचारतच नाही. फर्स्ट ऑर्डर, सेकंड ऑर्डर, चौदावा ऑर्डर, नुसतं मराठीत वर्णन केलं तरी चालेल, गट त्या तीन गोष्टींखाली बंद असला की समीकरणं असणारच. तेव्हा तुमच्या मेटाबेलियन ग्रुपवर तिन्ही चाचण्या लावून बघा. सबग्रुप ह घेतला तर न आणि ह यांचा छेद घ्या, तो चालतो. इमेज घेतली तर न ची इमेज घ्या, अबेलियनची इमेज अबेलियनच. प्रॉडक्ट घेतला तर प्रत्येक घटकग्रुपमधला आपापला न घेऊन त्यांचा प्रॉडक्ट करा. (इथे अनंत ग्रुपमधून एकेक न निवडायला चॉइस लागेल असं कोणीतरी म्हणेलच, तर सगळीकडे कॉम्युटेटर सबग्रुपच घ्या म्हणजे निवडायची वेळच येत नाही.)

आणि त्या कंसातच खरं यंत्र आहे. भागून अबेलियन उरायला हवं तर न मध्ये सगळे कॉम्युटेटर असलेच पाहिजेत, म्हणजे उमेदवारांमध्ये सगळ्यात लहान कोण हे ठरलेलं आहे. आणि तो लहान असल्यामुळे "अबेलियन असणं" त्याला सगळ्यात सोपं. तो नापास झाला तर त्याला पोटात घेणारा कुठलाही मोठा न नापासच. म्हणून "असा एक न आहे" ऐवजी "कॉम्युटेटर एकमेकांशी कम्युट करतात" एवढं म्हटलं की पुरतं, संचावरचा क्वांटिफायर उडून जातो. एस-३ (तीन वस्तूंच्या अदलाबदलींचा ग्रुप) मध्ये कॉम्युटेटर सबग्रुप ए-३ (फक्त सम अदलाबदली), तीन घटकांचा, अबेलियन, पास. एस-४ मध्ये तो ए-४ निघतो आणि ए-४ अबेलियन नाही, नापास.

बर्कहॉफच्या प्रूफची युक्तीही सांगून टाकतो, फार लांबड लावत नाही. गटातल्या सगळ्यांना लागू असलेली सगळी समीकरणं गोळा करा. ती पाळणारी कुठलीही अल्जिब्रा घ्या, ती एका फ्री अल्जिब्राची (जिच्यावर त्या समीकरणांपलीकडे कुठलंच बंधन नाही) इमेज असते, आणि ती फ्री अल्जिब्रा गटातल्याच अल्जिब्रांच्या एका भल्यामोठ्या प्रॉडक्टमध्ये सबअल्जिब्रा म्हणून बसलेली असते. प्रॉडक्ट, मग सबअल्जिब्रा, मग इमेज, की परत गटात. बस्स.

पण यावरून सेकंड ऑर्डर म्हणजे नेहमी श्रीमंत आणि समीकरणं म्हणजे गरीब असं समजू नका. ग्रुपच्या भाषेत सेकंड ऑर्डरची वाक्यं किती? मर्यादित लांबीची, म्हणजे गणनीय. आणि ग्रुपच्या व्हरायटी किती? १९७० मध्ये ओल्शान्स्कीने दाखवलं की त्या अगणनीय आहेत, वास्तव संख्या आहेत तितक्या. म्हणजे अशा ढिगाने व्हरायटी आहेत ज्या सेकंड ऑर्डरच्या कुठल्याही एका वाक्यात पकडता येत नाहीत, पण समीकरणांच्या अनंत यादीत प्रत्येक पकडता येते. मला स्वतःला हा निकाल मेटाबेलियनपेक्षा जास्त आवडतो, का कोण जाणे लोक सांगत नाहीत.

तिरकी_रेषा

शून्यशेष सर, तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत. न उतरणारीही दाखवा की.

शून्यशेष

@तिरकी_रेषा, घ्या. "ग्रुप मर्यादित आहे" हे सेकंड ऑर्डरमध्ये लिहिता येतं, स्वतःकडून स्वतःकडे जाणारं प्रत्येक वन-टू-वन फंक्शन ऑन्टू असतं, एवढंच. पण दोन घटकांच्या ग्रुपच्या अनंत कॉपींचा प्रॉडक्ट अनंत, म्हणून व्हरायटी नाही. "सिंपल ग्रुप" (एकटा १ आणि अख्खा ग्रुप सोडून नॉर्मल सबग्रुपच नाही) पण लिहिता येतं, प्रॉडक्टमध्ये तेही मेलं.

गोगलगाय

मला यातलं "प्रत्येक सबग्रुप नॉर्मल असतो" हे उदाहरण आवडतं, डेडेकिंड ग्रुप म्हणतात त्यांना. हे सेकंड ऑर्डरमध्येच लिहिलेलं वाटतं कारण "प्रत्येक सबग्रुप" म्हणजे संचांवर क्वांटिफायर, पण सबग्रुपखाली बंद आहे, इमेजखाली बंद आहे, तर वाटतं की आता होणार व्हरायटी, आणि नेमकं प्रॉडक्टमध्ये माशी शिंकते. क्वाटर्नियन ग्रुप क्यू-८ (±१, ±आय, ±जे, ±के असे आठ घटक) चा प्रत्येक सबग्रुप नॉर्मल आहे हे हाताने तपासता येतं, आणि चार घटकांचा चक्रीय ग्रुप तर अबेलियनच. आता क्यू-८ गुणिले तो चक्रीय ग्रुप घ्या. आय हा क्यू-८ मधला आणि १ हा मॉड ४ मधला, असा घटक (आय, १). त्याच्या घाता: (आय, १), (-१, २), (-आय, ३), (१, ०), चारच. आता (जे, ०) ने कॉन्जुगेट करा, आय चा -आय होतो पण दुसरा भाग अबेलियन असल्याने १ तिथेच राहतो, म्हणजे (-आय, १) मिळाला. वरच्या चारांत (-आय, ३) आहे, (-आय, १) नाही. सबग्रुप नॉर्मल नाही. दोघेही डेडेकिंड, पण प्रॉडक्ट नाही. तर व्हरायटी नाही, आणि कुठलीही समीकरणं कितीही जुळवली तरी होणार नाही.

बारीक गंमत अशी की ही अट खरं तर फर्स्ट ऑर्डर जवळ जवळ आहे, कारण प्रत्येक चक्रीय सबग्रुप नॉर्मल असला की सगळेच नॉर्मल. तरी समीकरण नाही ते नाहीच.

अर्धवट_अभ्यासू

सर, गोगलगायताई, खूप धन्यवाद, ते क्यू-८ चं वहीत उतरवून घेतलं. आता पुढचं विचारतो. मालत्सेव्हचं १९५४ चं प्रमेय: व्हरायटीतल्या सगळ्या अल्जिब्रांच्या कॉन्ग्रुअन्स (ऑपरेशन्स जपणारी इक्विव्हॅलन्स रिलेशन्स) एकमेकींशी परम्युट करतात (कुठल्याही क्रमाने जोडा, उत्तर तेच) तेव्हाच जेव्हा एक तीन जागांचं प आहे की प(क,ख,ख) = क आणि प(क,क,ख) = ख. ग्रुपसाठी प म्हणजे क गुणिले ख चा इन्व्हर्स गुणिले ग. इथे "असं एक फंक्शन आहे" म्हणजे परत सेकंड ऑर्डर ना?

शून्यशेष

इथे जरा जपून. "असं एक फंक्शन आहे" एवढंच म्हणाल तर ते कुठल्याही संचावर नेहमीच खरं आहे. दुसरी आणि तिसरी जागा सारखी असली की पहिली द्या, पहिली आणि दुसरी सारखी असली की तिसरी द्या, बाकी वेळेला काहीही द्या. तिन्ही सारख्या असल्या तर दोन्ही नियम एकच उत्तर देतात, भांडण नाही. मग एकही ऑपरेशन नसलेला नुसता संच पण मालत्सेव्ह झाला, आणि नुसत्या संचावरची इक्विव्हॅलन्स रिलेशन्स परम्युट करत नाहीत हे तर तीन घटकांवरच दिसतं.

मालत्सेव्ह म्हणतो प हा टर्म हवा, म्हणजे अल्जिब्राच्या स्वतःच्या ऑपरेशन्सपासून बांधलेला. "टर्म असणं" ही अट एकाच सेकंड ऑर्डर वाक्यात बसवायला गेलात की हात पोळतात, कारण त्यासाठी प ने अल्जिब्राची सगळी इन्व्हेरियंट रिलेशन्स (अल्जिब्राची ऑपरेशन्स जी मोडत नाहीत ती) जपली पाहिजेत असं म्हणावं लागतं, आणि मर्यादित अल्जिब्रासाठी त्या रिलेशन्सना किती जागा लागतील हे अल्जिब्राच्या आकारावर अवलंबून. एका वाक्यात किती जागांचं रिलेशन हे आधी ठरवावं लागतं. तेव्हा दिसायला सेकंड ऑर्डर, पण नीट बघाल तर त्याच्याही पलीकडे पाय टाकतंय.

कोडगुंता

मी प्रोग्रामर माणूस, पण इथे बोलल्याशिवाय राहवत नाही कारण हाच प प्रकार आमच्याकडे आला की खराखुरा सेकंड ऑर्डर होतो आणि त्यावर २०१७ मध्ये मोठं युद्ध जिंकलं गेलं.

फेगिनने १९७४ मध्ये दाखवलं की मर्यादित स्ट्रक्चरवर एनपी (ज्या प्रश्नांचं उत्तर हातात आलं की पटकन तपासता येतं ते) म्हणजे बरोब्बर एक्झिस्टेन्शियल सेकंड ऑर्डर, "असे काही संच, रिलेशन्स, फंक्शन्स आहेत की" आणि पुढे फर्स्ट ऑर्डर. ग्राफ तीन रंगांत रंगवता येतो का? असे तीन संच आहेत की प्रत्येक बिंदू एकात आहे आणि शेजारी एकाच संचात नाहीत, झालं वाक्य. अशा "ठराविक नमुन्यात बसवा" छाप प्रश्नांना सीएसपी म्हणतात. फेडर आणि वार्डी यांनी नव्वदच्या दशकात एक्झिस्टेन्शियल सेकंड ऑर्डरचा एक तुकडा वेगळा काढून भाकीत केलं की सीएसपीत मधलं काही नाही, एकतर सोपं, नाहीतर एनपी-कम्प्लीट (एनपीतलं सगळ्यात अवघड). आणि ते सिद्ध झालं कशाने, तर व्हरायटीवाल्यांच्या हत्यारांनी, बुलातोव्ह आणि झुक, दोघांनी वेगवेगळं.

कल्पना अशी की नमुन्याची पॉलिमॉर्फिझम बघायची, म्हणजे नमुन्याची रिलेशन्स जपणारी फंक्शन्स. एकाच प्रश्नाची दोन-चार उत्तरं हातात असली तर ती मिसळून नवीन उत्तर देणारं यंत्र. मॉड २ मधली सरळ समीकरणं घ्या, तिथे क+ख+ग हे चालतं, आणि हा मालत्सेव्हचाच प, प(क,ख,ख) = क कारण ख+ख शून्य. म्हणून ते सोपं, गाउस एलिमिनेशन.

पण तीन रंगांना काय नडतं? सिगर्सने २०१० मध्ये एक समीकरण दिलं, नंतर ते चार जागांपर्यंत आणलं गेलं: स(क,ख,ग,क) = स(ख,क,ख,ग). असं स पॉलिमॉर्फिझम असेल तर प्रश्न सोपा, नसेल तर एनपी-कम्प्लीट, एवढी धारदार रेघ. आता क, ख, ग हे तीन वेगळे रंग घ्या आणि दोन्ही बाजू जागेजागेने जुळवा: क आणि ख वेगळे, ख आणि क वेगळे, ग आणि ख वेगळे, क आणि ग वेगळे. चारही जोड्या "शेजारी", म्हणून स पॉलिमॉर्फिझम असेल तर दोन्ही उत्तरंही वेगळी यायला हवीत. आणि समीकरण म्हणतं सारखी. खेळ खल्लास, तीन रंगांना असं स नाही. एका ओळीत.

आता शून्यशेष सरांच्या मुद्द्याकडे. इथे स वर अट काय, तर दिलेली रिलेशन्स जपायची आणि एक समीकरण पाळायचं. रिलेशन्स आधीच ठरलेली आहेत, म्हणून "असं स आहे" हे प्रामाणिक एक्झिस्टेन्शियल सेकंड ऑर्डर वाक्य आहे, टर्मची भानगड नाही. म्हणजे "हा प्रश्न सोपा आहे का" हा प्रश्नही फेगिनच्या हिशोबाने एनपीत बसतो, स चा तक्ता अंदाजाने भरा आणि तपासा. डोकं गरगरतंय ना, माझं पण.

चहाटळ_चहा

पॉपकॉर्न संपले. तीन रंगांचं कळलं मात्र, शप्पथ.

तिरकी_रेषा

"असं एक फंक्शन" झालं, "प्रत्येक फंक्शन" पण असेलच ना कुठेतरी?

गोगलगाय

आहे ना, हायपरआयडेंटिटी. समीकरणात ऑपरेशनचं चिन्हसुद्धा चल म्हणून घ्यायचं आणि व्हरायटीच्या सगळ्या टर्मसाठी ते खरं हवं. बेलोउसोव्हने क्वासिग्रुपमध्ये सुरुवात केली, टेलरने १९८१ मध्ये व्हरायटीसाठी नीट मांडलं. लॅटिसमध्ये दोन चलांच्या टर्म चारच: क, ख, दोघांचा मीट, दोघांचा जॉइन. चारही असोसिएटिव्ह आहेत (क देणारी पण, तपासून बघा, दोन्ही कंसांचं उत्तर पहिलाच). म्हणून असोसिएटिव्हिटी ही लॅटिसची हायपरआयडेंटिटी. ग्रुपची नाही, क गुणिले ख चा इन्व्हर्स ही टर्मच बिघडवते. आणि कम्युटेटिव्हिटी तर कुणाचीच होऊ शकत नाही, कारण "पहिला दे" ही पण टर्म आहे, आणि ती कम्युटेटिव्ह म्हणजे क = ख, सगळं एकच बिंदू.

अर्धवट_अभ्यासू

धागा अपेक्षेपेक्षा फारच भारी चाललाय. शेवटचं विचारतो, फक्त मर्यादित अल्जिब्रा घेतल्या तर बर्कहॉफचं काय होतं? अनंत प्रॉडक्ट तर घेता येणार नाही.

तिरकी_रेषा

हे माझ्या पट्ट्यातलं, मी सांगतो.

मर्यादित प्रॉडक्टच घ्यायचे ठरवले की व्हरायटीऐवजी सूडोव्हरायटी मिळतात, आणि साधी समीकरणं पुरत नाहीत. राइटरमानने १९८२ मध्ये दाखवलं की प्रोफायनाइट समीकरणं लागतात. त्यात क चा ओमेगा घात असा प्रकार येतो, मर्यादित मोनॉइडमध्ये (मोनॉइड म्हणजे असोसिएटिव्ह गुणाकार आणि १ असलेली अल्जिब्रा) क च्या घातांत जो एकमेव आयडेम्पोटंट (स्वतःशी गुणला तरी तोच राहणारा) सापडतो तो.

आणि इथे सेकंड ऑर्डर परत दारात उभा. बुइकीने १९६० मध्ये दाखवलं की शब्दांवर मोनॅडिक सेकंड ऑर्डर, म्हणजे जागांच्या संचांवर क्वांटिफायर, बरोब्बर फायनाइट ऑटोमॅटाइतकंच (मर्यादित अवस्थांच्या यंत्रांइतकंच) सांगू शकतं. आयलेनबर्गने १९७६ मध्ये अशा भाषांच्या (भाषा म्हणजे शब्दांचा संच) कुटुंबांना मर्यादित मोनॉइडच्या सूडोव्हरायटींशी एकास एक जोडलं. म्हणजे लॉजिक थोडं कमी केलं की बहुतेक वेळा एखादी सूडोव्हरायटी हाती लागते. फर्स्ट ऑर्डरपुरतं कमी करा, तर शुट्झेनबर्गर १९६५ आणि मॅकनॉटन-पेपर्ट १९७१ मिळून सांगतात की उरतात ते अपिरिऑडिक मोनॉइड, ज्यांच्या पोटात एकही खरा ग्रुप लपलेला नसतो. समीकरण: क चा ओमेगा घात गुणिले क बरोबर क चा ओमेगा घात.

उदाहरण. "शब्दाची लांबी सम आहे." सेकंड ऑर्डरमध्ये: असा एक जागांचा संच आहे की पहिली जागा त्यात आहे, शेवटची नाही, आणि लागोपाठच्या दोन जागांपैकी बरोबर एकच त्यात आहे. (रिकामा शब्द वेगळा जोडून घ्या.) या भाषेला जोडलेला मोनॉइड म्हणजे दोन घटकांचा ग्रुप. ग्रुप आला म्हणजे फर्स्ट ऑर्डरमध्ये लिहिताच येणार नाही.

अर्धवट_अभ्यासू

म्हणजे ज्या भाषेतले सगळे शब्द सम लांबीचे ती फर्स्ट ऑर्डरमध्ये येणारच नाही असं म्हणायचं का?

तिरकी_रेषा

नाही नाही, तसं नाही. "अब" हे परत परत लिहून झालेले शब्द घ्या, अब, अबअब, अबअबअब. सगळे सम लांबीचे. पण फर्स्ट ऑर्डरमध्ये सहज लिहिता येतं: पहिलं अक्षर अ, शेवटचं ब, आणि शेजारी शेजारी अअ किंवा बब कुठेच नाही. याच्या मोनॉइडमध्ये अ चा वर्ग म्हणजे शून्य, ब चाही तसंच, आणि अब व बअ हे दोघे आयडेम्पोटंट. १ धरून सहा घटक, ग्रुप कुठेच नाही, अपिरिऑडिक. सम लांबी त्या भाषेत आपसूक आलीय, ती कुणी मोजली नाही.